एका दगडाखालचे दोन केसाळ खेकडे

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मोठ्या ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकाळ पट्ट्यात एखादा दगड उलटला, तर त्याच्या खाली दोन जातींचे लहानसे केसाळ खेकडे शेजारी शेजारी सापडू शकतात. दोघांचंही कवच जेमतेम दीडदोन सेंटीमीटर रुंद, दोघांचाही रंग चिखलात मिसळून जाणारा तपकिरी, दोघांच्याही अंगावर गाळ धरून ठेवणारे राठ केस आणि देहाच्या मानाने थोराड नांग्या. त्यांतला एक पिलुम्नस हर्टेलस. हा किडे, छोटे शिंपले, मेलेलं मांस, जे मिळेल ते तोडून खातो. दुसरा पोर्सेलाना प्लॅटिकेलिस, म्हणजे रुंद नांग्यांचा पोर्सेलिन क्रॅब. हा त्या एवढ्या मोठ्या नांग्यांनी काहीच मारत नाही. तोंडाजवळच्या केसाळ अवयवांचे पंखे पाण्यात हलवून तो प्लवकांचे कण गाळून खातो. खाऱ्या पाण्याची प्रवाळाची टाकी पाळणाऱ्यांमध्ये एक नियम फार प्रचलित आहे: अंगावर केस असले किंवा नांगीचं टोक काळं असलं, तर तो खेकडा वाईट, लगेच काढून टाका. या नियमाने पहिला खेकडा टाकीबाहेर जाईल हे ठीकच आहे, पण दुसराही जाईल, आणि त्याच्यापासून टाकीतल्या कुणालाच धोका नव्हता. हा नियम भलत्याच गोष्टीकडे बघतो, असं मला ठामपणे वाटतं. खेकडा ओळखायचा म्हणजे तो काय खाऊ शकतो हे ओळखायचं, आणि ते त्याच्या केसांत किंवा रंगात लिहिलेलं नसतं. ते नांगीच्या आकारात, पायांच्या घडणीत आणि तोंडाच्या अवयवांत लिहिलेलं असतं.

मुळात खेकडा टाकीत येतो कसा, ते आधी सांगायला हवं. रीफ टँक म्हणजे साधारण 25 ते 26 अंश तापमानाचं, समुद्राएवढ्या खारटपणाचं पाणी, त्यात जिवंत प्रवाळ, आणि ‘लाइव्ह रॉक’ म्हणून ओळखले जाणारे सच्छिद्र दगड. हे दगड म्हणजे जुन्या प्रवाळांचे सांगाडेच असतात. त्यांच्या भोकांत जीवाणू, स्पंज, किडे आणि गोगलगायी राहतात, आणि त्यांच्याबरोबर खेकड्यांची पिल्लंही. प्रवाळाच्या फांद्यांच्या बेचक्यातही ती दडलेली असतात. डब्लिन किंवा कॉर्कमधल्या घरात असं प्रवाळ पोहोचतं तेव्हा आत बसलेला चार मिलिमीटरचा खेकडा कुणाला दिसत नाही. महिन्यांनी एखाद्या रात्री दिवे मालवल्यावर दगडाआडून एक नांगी बाहेर येते, आणि मग मालकाची झोप उडते. दुसऱ्याच्या आधाराने प्रवास करणं ही खेकड्यांची जुनीच रीत आहे. अटलांटिकमध्ये तरंगणाऱ्या लाकडांवर आणि बोयांवर, गूस बार्नेकलच्या झुबक्यांत, प्लेनिस मिनुटस नावाचा छोटा खेकडा राहतो. तो कासवांच्या शेपटीजवळही आढळतो, आणि वादळानंतर असे ओंडके आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याला लागतात तेव्हा त्यांच्याबरोबर तोही येतो. आयर्लंडला स्वतःचे प्रवाळही आहेत. नैर्ऋत्येच्या पॉर्क्युपाइन सीबाइट भागात कित्येकशे मीटर खोल, थंड आणि काळोख्या पाण्यात लोफेलिया प्रवाळाचे ढिगारे आहेत आणि त्यांतल्या काही क्षेत्रांना संरक्षण मिळालं आहे. पण घरातल्या टाकीत येतात ते उष्ण कटिबंधातले प्रवाळ, आणि त्यांच्यासोबतचे खेकडे तिथलेच.

मग आयर्लंडच्या थंड किनाऱ्यावरचे खेकडे बघून उष्ण कटिबंधातला खेकडा ओळखता येईल का, हा पहिला आक्षेप. जाती वेगळ्या आहेत हे खरं आहे, पण घराणी बहुतांशी तीच आहेत. पोर्सेलिन क्रॅब इथेही आहेत आणि समुद्रफुलांत राहणारे ठिपकेवाले निओपेट्रोलिस्थीसही त्याच घराण्यातले. पोहणाऱ्या खेकड्यांपैकी निळसर रेघांचा, लाल डोळ्यांचा नेकोरा पुबेर इथल्या खडकांत असतो, त्याचे नातलग थॅलामिटा प्रवाळाच्या दगडातून येतात, आणि आपल्या कोकणातली चिंबोरी याच घराण्यातली. कोळी खेकडे दोन्हीकडे आहेत. म्हणजे अवयवांची भाषा एकच आहे, आणि ती शिकायला आयर्लंडचा किनारा सोयीचा आहे, कारण इथल्या खेकड्यांचं खाणंपिणं शास्त्रज्ञांनी दीर्घकाळ बारकाईने पाहिलं आहे.

काळ्या टोकाची गोष्ट आधी निकालात काढू. आयर्लंडमध्ये सर्वाधिक खाल्ला जाणारा खेकडा म्हणजे तपकिरी खेकडा, कॅन्सर पॅग्युरस. डोनेगलच्या मच्छीमारांचं पोट ज्या मासळीवर चालतं तिच्यात त्याचं स्थान फार वरचं आहे. त्याच्या नांग्यांची टोकं ठळक काळी असतात आणि तो शिंपले फोडतो. इथपर्यंत नियम बरोबर वाटतो. फ्लोरिडाच्या स्टोन क्रॅबच्या नांगीवर 1996 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काळा भाग बाकीच्या कवचापेक्षा अधिक कठीण आणि तडा न जाणारा आढळला. म्हणजे काळेपणाला अर्थ आहे: ते झिजेविरुद्धचं बळ आहे. पण झीज फक्त शिंपले फोडून होत नाही, दगड खरवडूनही होते. प्रवाळाच्या तुकड्यांत सर्रास आढळणारा क्लोरोडिएला नायग्रा काळपट असतो, आणि त्याच्या नांग्यांची टोकं चमच्यासारखी खोलगट असतात, कारण तो शेवाळ खरवडून खातो. काळ्या टोकाकडे बघून त्याला शिक्षा केली तर टाकीतला एक शेवाळ खाणारा जीव आपण गमावतो. रंग सांगतो की इथे हत्यार घासलं जातं. कशावर घासलं जातं हे सांगतो तो आकार.

आकाराचं महत्त्व आयर्लंडमध्येच उत्तम रीतीने सिद्ध झालं आहे. वेस्ट कॉर्कमध्ये स्किबरीनजवळ लॉख हाइन नावाचं समुद्राला एका अरुंद वाटेने जोडलेलं खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे. 1981 मध्ये ते आयर्लंडचं पहिलं सागरी राखीव क्षेत्र झालं. पण त्याआधी कित्येक दशकं जॅक किचिंग आणि जॉन एब्लिंग हे प्राणिशास्त्रज्ञ विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जात होते. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता: बाहेरच्या लाटा खाणाऱ्या खडकांवर काळे शिंपले, आपल्याकडे ज्यांना शिनाणे म्हणतात तसे, भरपूर आहेत. मग आतल्या शांत पाण्यात ते जवळजवळ का नाहीत? पाणी मानवत नसेल, अन्न कमी असेल, असे तर्क करून थांबता आलं असतं. त्यांनी शिंपले उचलून आत नेऊन ठेवले. उघड्यावरचे शिंपले फस्त झाले. फस्त करणाऱ्यांत तारामाशांबरोबर मोठे खेकडे होते: किनाऱ्यावरचा हिरवा खेकडा कार्सिनस मीनस, नेकोरा पुबेर आणि तपकिरी खेकडा. मग कोणत्या आकाराचा खेकडा किती मोठा शिंपला फोडू शकतो हेही पाहिलं गेलं, आणि 1950 व 1960 च्या दशकांतल्या त्यांच्या लेखमालेत ते नोंदलं आहे. निष्कर्ष असा की एखाद्या जागी शिंपला जगेल की नाही हे तिथल्या खेकड्याच्या नांगीच्या ताकदीवर आणि शिंपल्याच्या जाडीवर ठरत होतं. घरातल्या टाकीलाही हाच हिशेब लागू आहे. तिथे फक्त शिंपल्याच्या जागी गोगलगायी आहेत आणि सरोवराच्या जागी दोनतीनशे लिटर पाणी.

म्हणून खेकडा दिसला की आधी नांगी बघावी. बऱ्याच शिकारी खेकड्यांत दोन नांग्या सारख्या नसतात: एक जाड, बोथट दाढांची, फोडण्यासाठी, आणि दुसरी सडपातळ, धारदार दातांची, कापण्यासाठी. अडकित्त्याच्या दोन पात्यांतला फरक ज्याने पाहिला आहे त्याला हा फरक लगेच कळेल. अशी विषम जोडी दिसली, त्यातली एक फुगीर असली, तर गोगलगायी सुरक्षित नाहीत असं समजावं. दोन्ही नांग्या सारख्या, बारीक आणि टोकाला चमच्यासारख्या खोलगट असतील तर तो प्रामुख्याने शेवाळ खाणारा. कॅरिबियनमधला हिरवा मिथ्राक्युलस, जो बुडबुड्यांसारखं दिसणारं व्हॅलोनिया शेवाळ खातो म्हणून मुद्दाम विकत घेतात, त्याच्या नांग्या अशाच असतात. नांग्या मोठ्या पण चपट्या, कडेला केसांची झालर असलेल्या असतील, तर पाय मोजावेत. खऱ्या खेकड्याला नांग्यांखेरीज चालण्याच्या पायांच्या चार जोड्या दिसतात, तर पोर्सेलिन क्रॅबला तीनच, कारण चौथी जोडी अगदी बारीक होऊन कवचामागे मुडपलेली असते. त्याच्या स्पर्शिका डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूने निघतात आणि लांबलचक असतात. हे एवढं पाहिलं तरी दगडाखालच्या त्या दोन केसाळ खेकड्यांचा गोंधळ उरत नाही. संशय राहिलाच तर तोंडाकडे पाहावं: पंखे उघडमिट होत असतील तर तो गाळून खाणाराच.

पायांचंही असंच. मागच्या पायाचं शेवटचं पेर रुंद आणि चपटं असेल, म्हणजे वल्ह्याच्या घडणीचं, तर तो पोहणारा, चपळ आणि बहुधा शिकारी. ज्याने ताटात चिंबोरी सोलली आहे त्याला ते पेर ओळखीचं आहे. अशा थॅलामिटाला टाकीत ठेवू नये, मग तो कितीही लहान असो. तो गोगलगायीच काय, झोपलेले मासेही पकडतो. मात्र वल्हं नाही म्हणून निर्दोष असं उलटं अनुमान काढता येत नाही. लॉख हाइनमधला कार्सिनस त्याच घराण्याचा मानला जात आला, पण त्याच्या मागच्या पायाचं पेर किंचित चपटं आणि टोकदारच असतं, खरं वल्हं नव्हे. तरीही शिंपले फोडण्यात तो कुणाला हार जात नाही. त्याची ओळख कवचाच्या पुढच्या कडेवरून पटते: प्रत्येक डोळ्याच्या बाहेर पाच दात आणि दोन डोळ्यांच्या मध्ये तीन गोलसर उंचवटे. लांब बारीक पाय, त्रिकोणी कवच आणि अंगावर लावलेले स्पंजचे किंवा शेवाळाचे तुकडे दिसले तर तो कोळी खेकडा. तो सहसा मासे मारत नाही, पण सजावटीसाठी मऊ प्रवाळाचा तुकडा तोडून अंगावर चिकटवायला मागेपुढे पाहत नाही.

दुसरा आक्षेप जाणकारांकडून येतो: अवयवांवरून अंदाज बांधण्यापेक्षा जात पक्की ओळखा, फोटो एखाद्या तज्ज्ञाला पाठवा. तज्ज्ञाबद्दल आदर ठेवूनही म्हणेन की या बाबतीत फोटो फार काही देत नाही. प्रवाळातल्या बऱ्याच खेकड्यांची जात नराच्या पोटाखालच्या पहिल्या जोडीच्या उपांगांवरून, सूक्ष्मदर्शकाखाली ठरते. टाकीत आलेलं पिल्लू असतं, ते वाढताना रंग आणि केसही बदलतं, आणि फोटोत त्याची अर्धी नांगीच दिसत असते. जातीचं नाव कळलं तर आनंदच, पण टाकीच्या मालकाला जो निर्णय घ्यायचा आहे त्यासाठी घराणं आणि नांगी पुरते. इथे खेकडाच मदत करतो. वाढताना तो कात टाकतो, आणि ते रिकामं कवच पाय, नांग्या, डोळ्यांच्या झाकणांसकट जसंच्या तसं दगडाशी पडलेलं असतं. पुष्कळजण तो मेलेला खेकडा समजून फेकून देतात. तसं करू नये. ते गोड्या पाण्याने धुऊन पांढऱ्या बशीत ठेवावं आणि भिंगाखाली पाहावं. कवचाच्या कडेचे दात मोजता येतात, नांगीचा आतला पृष्ठभाग दाढांचा आहे की चमच्याचा हे कळतं, आणि प्राण्याला हातही लागत नाही. माझ्या मते कात हा सर्वांत चांगला पुरावा आहे आणि त्याचा उपयोग फार कमी होतो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार: एवढी चिकित्सा कशाला, सगळेच खेकडे काढून टाकावेत, धोकाच नको. महागडी प्रवाळं धोक्यात असताना असं वाटणं स्वाभाविक आहे, पण काढून टाकण्याचीही किंमत असते. फांद्यांच्या प्रवाळात ट्रॅपिझिया नावाचे छोटे, गुळगुळीत, चकचकीत कवचाचे खेकडे जोडीने राहतात. 1970 च्या दशकात पीटर ग्लिन यांनी पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर दाखवलं की प्रवाळ खाणारा काटेरी तारामासा जवळ आला की हे खेकडे त्याला चिमटे काढून हाकलतात. 2006 मध्ये हॅना स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, समुद्रात लावलेल्या ज्या प्रवाळांवर खेकडे होते ती सगळी जगली. ज्यांच्यावरचे खेकडे काढले होते त्यांतली 45 ते 80 टक्के महिन्याभरात मेली, कारण त्यांच्यावर साचलेला गाळ काढायला कुणी उरलं नव्हतं. घरच्या टाकीत तारामासा नसेल आणि गाळही कमी असेल, हे मान्य. पण जे खेकडे प्रवाळाची निगा राखतात त्यांना काढण्यासाठी प्रवाळाच्या फांद्यांत चिमटे घालण्यात शहाणपण नाही. याहून बोलकं उदाहरण सायमो मेलानोडॅक्टिलसचं आहे. हा केसाळ आहे, त्याची बोटं काळी आहेत, आणि तो नेमका मरणाऱ्या प्रवाळावर, पांढऱ्या पडणाऱ्या भागाच्या कडेला सापडतो. प्रचलित नियमाने तो दोषीच ठरतो. ग्रेट बॅरियर रीफवरचा, 2013 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मात्र असं सांगतो की हे खेकडे काढून टाकल्यावर रोगाचा पट्टा तिप्पट वेगाने पसरला. खेकडा रोगट भागावर जमत होता, रोग त्याने आणला नव्हता. प्रवाळ मरताना त्याच्यावर खेकडा दिसला एवढ्यावरून त्याला खुनी ठरवणं किती चुकीचं, हे यातून कळतं.

उलट बाजूनेही अशी चूक झालेली आहे आणि ती फार जुनी आहे. काळ्या शिंपल्यांच्या आत राहणारा वाटाण्याएवढा पिन्नोथेरीस पिसम आयर्लंडमध्येही आढळतो. त्याच्यासारख्याच खेकड्याबद्दल ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं की तो शिंपल्याचा राखणदार आहे आणि तो गेला तर शिंपला मरतो. प्रत्यक्षात हा खेकडा शिंपल्याने गाळून आणलेलं अन्न पळवतो, आणि अशा खेकड्यांमुळे कल्ल्यांना इजा होते, वाढ खुंटते, हे पुढच्या अभ्यासांत दिसलं आहे. लौकिक चांगला असो वा वाईट, त्याच्या भरवशावर खेकडा पारखता येत नाही.

आता माझ्याच म्हणण्यातली एक मर्यादा. नांगी सांगते ती क्षमता, इच्छा नव्हे. चमच्यासारख्या नांग्यांचा मिथ्राक्युलस शेवाळ संपल्यावर मऊ प्रवाळाला तोंड लावतो, आणि फोडणारी नांगी असलेला एखादा खेकडा वर्षभर माशांचं उरलेलं खाऊनच राहू शकतो. म्हणून नांगीच्या पुराव्याला वागणुकीच्या पुराव्याची जोड हवी. तो मिळतो रात्री, लाल प्रकाशात, कारण लाल उजेड बऱ्याच खेकड्यांना फारसा जाणवत नाही. खेकडा प्रवाळाच्या मांसाला चिमटे काढतो की त्याच्यावर अडकलेले कण उचलतो, रिकामे शंख वाढताहेत का आणि त्यांच्या कडा मोडलेल्या आहेत का, हे पाहावं. खेकडा मोठा होत जातो हेही लक्षात ठेवावं. लॉख हाइनचा धडाच हा की नांगी वाढली की भक्ष्याची यादी वाढते. पाच मिलिमीटरला केलेला निवाडा दोन सेंटीमीटरला पुन्हा तपासावा लागतो.

काढायचं ठरलं, तर दगड फोडण्याची गरज नसते. दगडाला तिरका टेकवलेला काचेचा पेला, तळाशी कोळंबीचा तुकडा, एवढ्यावर बहुतेक खेकडे रात्रीत सापडतात. काचेच्या आतून त्यांना वर चढता येत नाही. दगड बाहेर काढता येत असेल तर भोकात जास्त खारट पाण्याची पिचकारी मारली की खेकडा स्वतःच बाहेर येतो. खरा प्रश्न यानंतरचा आहे: पकडलेल्या खेकड्याचं करायचं काय? समुद्र दहा मिनिटांवर असलेल्या आयरिश गावात उत्तर सोपं वाटतं, आणि तेच सर्वांत घातक आहे. हिवाळ्यात इथलं समुद्राचं पाणी साधारण 8 ते 10 अंशांपर्यंत उतरतं, उष्ण कटिबंधातला खेकडा त्यात मरेलच, मग बिघडलं कुठे, असं म्हटलं जातं. बिघडतं ते असं की खेकड्याबरोबर त्याचे परजीवी आणि विषाणू जातात. कोळंबीच्या शेतीचं अतोनात नुकसान करणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूचे वाहक खेकडेही असतात. शिवाय प्रत्येक परका खेकडा उष्ण प्रदेशातला नसतो. नांग्यांवर दाट केसांचे हातमोजे असलेला चिनी मिटन क्रॅब समशीतोष्ण पाण्यातला आहे. आयर्लंडमध्ये त्याची पहिली नोंद 2006 साली वॉटरफर्डच्या खाडीत झाली. 2016 पासून तो युरोपीय संघाच्या आक्रमक परक्या प्रजातींच्या यादीत आहे, त्यामुळे त्याला पाळणं, विकणं, सोडणं या सगळ्यावर बंदी आहे. इथे केस उपयोगी पडतात हे आवर्जून सांगायला हवं: नांग्यांवरची ती लव हीच त्याची ओळख आहे. केसांवरून नाव कळू शकतं, आहार कळत नाही. असा खेकडा कुठल्याही आयरिश खाडीत किंवा नदीत दिसला तर फोटो, जागा आणि तारीख वॉटरफर्डमधल्या नॅशनल बायोडायव्हर्सिटी डेटा सेंटरला कळवावी.

आयर्लंडनेही जगाला असाच खेकडा दिला आहे, निदान युरोपच्या ज्या किनारपट्टीचा तो भाग आहे तिने. लॉख हाइनचा तोच कार्सिनस 1817 सालीच अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नोंदला गेला, आणि 1980 च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात पोहोचला. जहाजांच्या तळाला चिकटून, जिवंत आमिषाच्या समुद्रशेवाळात लपून तो गेला. तिथल्या शिंपल्यांना त्याच्या नांगीची सवय नव्हती. म्हणून टाकीतून काढलेला खेकडा समुद्रात सोडायचा नाही आणि टाकीचं पाणीही समुद्राला मिळणाऱ्या गटारात किंवा ओढ्यात ओतायचं नाही. सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीखालच्या गाळणीच्या टाकीत, त्याच पाण्यात, दोन दगड आणि आठवड्यातून दोनदा मांसाचा कण मिळाला की बहुतेक खेकडे वर्षानुवर्षं जगतात, आणि तिथे त्यांनी फोडण्यासारखं काही नसतं.